हिरव्या ज्वाळेची देवी

"प्रकटली! देवी प्रकटली!"

गास गावाच्या खाडीकाठी दीड-दोनशे माणसं हात जोडून उभी होती. समोर जुने टीव्ही, मिक्सर आणि वायरींची भेंडोळी जळत होती, आणि ज्वाळा हिरव्यागार! ज्वालानाथबुवा गरजत होता, "खंडेनवमीला ज्याला हळदकुंकू वाहिलं, ते यंत्र भंगारात विकता? घराला शाप लागेल! मला द्या, मी मुक्ती देतो."

लोकांनी दिलं. पूजलेली वस्तू विकायची कशी, हाच तर गावाचा घोळ. माळ्यांवर वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बुवाच्या टेम्पोत गेलं.

दमेकरी कृष्णाबाईला बुवाने धुरातच बसवलं होतं. "सात दिवस रोज संध्याकाळी धूर घे माय, दमा पळेल." ही तिसरी संध्याकाळ. म्हातारीचे ओठ निळे पडले होते.

"आई, उठा," सून रीमा म्हणाली. ती वायरमन, अर्ध्या गावाची वायरिंग तिच्या हातची.

"गप बस!" सासरा काळूराम खेकसला. "तुला कोनी विचारलाय?"

मीही त्या गर्दीत होतो, मला राहवेना. "बुवा, रोज सकाळी तुमची माणसं राख का चाळतात?"

"विभूती नेतात, पाप्या!"

"एका गोणीला दोघं लागतात, एवढी जड विभूती?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात रीमाने पक्कडीत वायरचा तुकडा धरला आणि शेजारच्या वडापावच्या गाडीवरच्या शेगडीत घातला. ज्योत हिरवी झाली.

"घ्या मामंजी, देवी. करा नमस्कार! तांबं आणि वायरवरचं प्लास्टिक एकत्र जळलं की असंच होतं. प्लास्टिक जळतं, तांबं उरतं, ते हा विकतो. आणि विष आईंच्या छातीत!"

काळूरामने वायर पाहिली, मग बायकोकडे पाहिलं. वाकून तिला उचललं.

"देवी कोपेल!" बुवा किंचाळला.

"कोपू दे. बायको माझी हाय."

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने कृष्णाबाई बोलली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता, तर आम्हालाही काही करता आलं नसतं.

तर मंडळी, पूजा खुशाल करा. पण बंद पडलेलं यंत्र जाळू नका, उघड्यावर फोडू नका. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्या, नाहीतर बनवणाऱ्या कंपनीला विचारा, जुनं कुठे घेता? आणि आगीतून कुणी देवी काढली, तर हात जोडण्याआधी एवढंच बघा: जळतंय काय, आणि उरलेलं नेतंय कोण?