सोंगं पचवलेला सोफा

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे. मोडका मात्र कुणी म्हणालं तर ऐकून घेणार नाही. मी तीन माणसांचा सोफा आहे. पाय जाड, पाठ सरळ आणि स्वभाव हट्टी. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं असेल. 'सगळे घरीच आहेत' या विनोदी मालिकेतल्या दिवाणखान्यात जो विटकरी रंगाचा सोफा असायचा, तो मीच. एकदा मला करवतीनं मधोमध कापायचं ठरलं होतं. वारसुद्धा ठरला होता, शुक्रवार. तरी मी आज अखंड आहे. कसा, ते सांगतो.

माझा जन्म स्टुडिओच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला सुतारमामांनी घडवलं. ते तिथं कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. सागाचा सांगाडा, आत स्प्रिंगा, वर काथ्या आणि कापूस. प्रत्येक सांध्यावर एक फटका मारून मामा विचारायचे, "बोल, कुरकुरतोस का?" मी कधी कुरकुरलो नाही. पायांच्या बाबतीत मात्र घोळ झाला. माझ्या पाठीमागे घराचं दार होतं आणि त्या दारातून कोण आत येतंय ते कॅमेऱ्याला दिसायला हवं होतं. दिग्दर्शक म्हणाले, "मामा, पाय चार बोटं कमी करा."

"अहो, इतक्या खाली बसलेला माणूस उठणार कसा?"

"सगळे धडधाकट आहेत हो! टुणकन उठतील."

झालं. माझे पाय कापले गेले. चार बोटांचं हे दुखणं पुढे कुणाला भोवणार आहे, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

आमच्या दिवाणखान्याला भिंती तीनच होत्या. चौथ्या बाजूला कॅमेरे, दिवे आणि चहाचे अर्धवट प्यालेले कप. मी जरा जरी सरकलो तरी कळावं म्हणून जमिनीवर माझ्या पायांभोवती पांढरी चिकटपट्टी लावलेली असायची. मालिकेत घरचे आजोबा होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. चित्रीकरण संपलं तरी त्यांना आबाच म्हणत, त्यामुळे त्यांचं खरं नाव मला आजतागायत माहीत नाही. पहिल्या दिवशी ते माझ्या डाव्या कोपऱ्यात बसायला आले आणि नव्या उशीवरून लाकडाचा भुसा उडाला. त्यांनी उशी थोपटली, तर आणखी उडाला. पुन्हा थोपटली. कॅमेरा चालूच होता. लेखिकाबाई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या, त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "आबा, हे सोडू नका हं!" तेव्हापासून बसण्याआधी दोनदा उशी थोपटायची, मग बसायचं, हा आबांचा नेम झाला. सहा वर्षांत डाव्या कोपऱ्यात त्यांच्या बसण्याचा खड्डा पडला. मला त्या खड्ड्याचा अभिमान होता. नवऱ्या मुलाच्या डोक्यावरच्या टोपीसारखा मी तो मिरवायचो.

आता सोंगांकडे येतो. सोंगाचा भाग म्हणजे काय, तर नेहमीची घरगुती गोष्ट बाजूला ठेवून सगळ्यांनी एखाद्या सिनेमाच्या थाटात वागायचं. कधी हेरकथा, कधी राजदरबार, कधी भुताटकी. पहिला असा भाग लेखिकाबाईंनीच लिहिला. आबांचा चष्मा हरवतो आणि घरातले सगळे खुनाचा तपास चालल्यासारखे लांब कोट घालून हिंडतात. सून भिंगातून माझ्या फटी तपासते. मुलगा शेजाऱ्यांची उलटतपासणी घेतो. शेवटी चष्मा आबांच्याच डोक्यावर सापडतो आणि आबा म्हणतात, "मला ठाऊक होतं. मी तुमची परीक्षा घेत होतो." काय सांगू तुम्हाला, दिवे धरणारे लोक हसून हसून दिवे हलवत होते. तो भाग इतका गाजला, की लोक स्टुडिओत येऊन माझ्या फटीत हात घालून फोटो काढायचे.

आणि तिथंच माशी शिंकली.

वाहिनीचे साहेब धावत आले. "बाई, असेच भाग हवेत! दर आठवड्याला!" लेखिकाबाईंनी समजावून पाहिलं. "साहेब, आबा रोज चष्मा हरवतात म्हणून लोक हसले. सोंग कुणी घेतलंय हे माहीत असलं, तरच सोंगाचं हसू येतं. रोज सोंगच घेतलं तर खाली माणूस कोण होता, ते लोक विसरतील."

"छे हो, लोकांना बदल लागतो."

मग काय विचारता! एका आठवड्यात मी सिंहासन झालो, दुसऱ्या आठवड्यात भुताची शवपेटी. एकदा माझा कुस्तीचा आखाडा केला. माझ्यावर कापडं खिळ्यांनी ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी पक्कडीनं उपटायची. माझं विटकरी कापड खिळ्यांच्या भोकांनी चाळणीसारखं झालं. मामा रोज सुईदोरा घेऊन बसायचे आणि पुटपुटायचे, "सोंगं तुमची, जीव आमचा." लेखिकाबाईंनाही आता कुणी विचारत नव्हतं. कपडेपट आधी ठरायचा, गोष्ट मागाहून चिकटवायची.

त्यातच आबांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया करावी लागली. सहा आठवडे ते येणार नव्हते. साहेबांना अडचण वाटलीच नाही. त्यांनी अंतराळयानाचा भाग ठरवला. "सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं! आत कोण आहे, कोणाला कळतंय?" मला चंदेरी कापड चढवलं आणि आबांच्या मापाचा एक भलताच माणूस आणून बसवला. तो आला आणि थेट मधल्या जागेवर धपकन बसला. डावा कोपरा रिकामाच राहिला. मी आतल्या आत चडफडलो, एक स्प्रिंगसुद्धा टोचून पाहिली. त्यानं नुसतं बूड सरकवलं.

भाग दाखवला गेला आणि आठवड्यानं आठवीतल्या एका मुलीचं पत्र आलं. लेखिकाबाईंनी ते चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचलं. "यानातले आबा आमचे आबा नव्हते. त्यांनी उशी थोपटली नाही आणि ते कोपऱ्यात बसले नाहीत. आमचे आबा कुठे आहेत? ते बरे आहेत ना? मला आता हसू येत नाही, काळजी वाटते."

एवढे दिवे, एवढं चंदेरी कापड, आणि एका पोरीनं उशीवर न पडलेल्या दोन थापांवरून चोरी पकडली!

पाहणारे भराभर कमी झाले. साहेबांनी निरोप धाडला, चार भाग उरलेत, मग मालिका बंद. शेवटी धमाका म्हणून बुडत्या जहाजाचा भाग करायचा. सोफा हेच जहाज, आणि तो कॅमेऱ्यासमोर करवतीनं कापून दोन तुकडे करायचे. लेखिकाबाई तावातावानं म्हणाल्या, "सोफा कापलात तर पुढच्या भागात आबा बसणार कुठे?"

"बाई, पुढचा भाग आहेच कुठे? बाकीचे तीन तर जुन्या भागांचे तुकडे जोडून आधीच दाखवायचेत."

मी तेव्हाच ठरवलं. कापायचं तर कापा, पण मी फुकट फाटणार नाही. सागाचा आहे मी. मामांनी करवत आणून भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या दिवशी ते माझ्याकडे बघेनात.

सोमवारी आबा परत आले. हातात काठी, पण मिशीवर तोच ताव. त्यांनी उशी दोनदा थोपटली आणि कोपऱ्यात बसले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तालीम झाली, जो तो चहाला गेला. आबा मात्र बसूनच राहिले. "मी संवाद पाठ करतो, तुम्ही व्हा पुढे." पाठ कसले करताहेत! त्यांना उठता येत नव्हतं. डावा हात माझ्या हातावर रेटून त्यांनी एकदा जोर केला, दोनदा केला, पाच वेळा केला. प्रत्येक वेळी ते परत खड्ड्यात. माझे चार बोटं कापलेले पाय आता आडवे येत होते. शेवटी भिंतीवरच्या खुंटीला काठीची मूठ अडकवून ते कसेबसे उभे राहिले आणि चेहरा पुसून हसत बाहेर गेले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. कुणाला पत्ता नाही. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठाय?

मला शिवण होती. बुधवारी माझ्या डाव्या हाताची शिवण टर्रकन उसवली.

मामा सुईदोरा घेऊन आले. त्यांनी उसवलेली जागा पाहिली, बोटानं चाचपली, आणि लेखिकाबाईंना हाक मारली. "बाई, इकडे या. ही शिवण बसून उसवलेली नाही. इथं कुणीतरी वरून हात रेटतंय. माणूस उठू बघतोय आणि त्याला उठवत नाहीये."

लेखिकाबाई स्वतः डाव्या कोपऱ्यात बसल्या. हात त्याच जागी ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "अगं बाई! आबा!"

"सगळी सोंगं आणता येतात हो," मामा म्हणाले, "पण गुडघे धड असल्याचं सोंग किती दिवस आणणार?"

गुरुवारी सकाळी लेखिकाबाईंनी जहाजाचा भाग नव्यानं लिहून आणला आणि आधी आबांच्या हातात दिला. गोष्ट साधी होती. आजोबांना सोफ्यावरून उठता येत नाही आणि ते कबूल करायचं नाही. मग ते फर्मावतात, की हे जहाज आहे, मी कप्तान आहे, आणि कप्तान जहाज सोडत नसतो. घरच्यांना कळतं, पण तेही खलाशी होतात. आबांनी वाचलं आणि पानं माझ्यावर आपटली.

"माझे गुडघे बाजारात मांडताय?"

"तुमचे नाहीत. आबांचे."

"एकच की ते!"

"म्हणून तर लिहिलं. सहा वर्षं लोक तुम्हाला बघताहेत. त्यांच्या घरीही कुणीतरी असंच उठता येत नाही म्हणून पेपर वाचत बसलेलं असेल. तुम्हाला नको असेल तर आत्ता फाडते."

आबा बराच वेळ माझ्या उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "कप्तानाची टोपी मोठी मागवा. मागच्या सोंगातली मला घट्ट व्हायची."

साहेबांना हे पटलं नाही. लेखिकाबाई म्हणाल्या, "सोफा कापायचा तर सगळ्यात शेवटी कापा. आधी माझी पानं करू द्या." साहेब घड्याळाकडे बघत खुर्चीत बसले. करवत त्यांच्या पायाशीच होती.

शुक्रवारी माझ्यावर एकही खिळा ठोकला नाही. पाठीला काठीवर बांधलेली एक चादर, तेच शीड. आबांनी टोपी घातली, उशी दोनदा थोपटली आणि बसले. सून पदर खोचून ओरडली, "कप्तान, पाणी शिरलंय! जहाज सोडा!"

"कप्तान जहाज सोडत नसतो!"

"जेवायला तरी चला!"

"ताट जहाजावर आणा!"

दिवेवाले खुसखुसायला लागले. सूनबाईंच्या आता लक्षात आलेलं असतं. गुडघ्याचं नाव न काढता ती म्हणते, "खलाशी कप्तानांच्या हाताला हात लावून सलामी देतील!" आणि हात पुढे करते. आबांनी हात धरला, तिनं ओढलं, आबा अर्धे उठले, आणि गुडघा खरोखरच दगा देऊन गेला. ते धपकन परत माझ्यात पडले. हे पानात नव्हतं. मी माझ्या साऱ्या स्प्रिंगा ताठ करून त्यांना झेललं.

आबांनी टोपी सरळ केली. "जहाजाला अजून माझी गरज दिसते."

असा हशा पिकला म्हणून सांगू! सून हसता हसता रडायला लागली, पण हात तिनं सोडला नव्हता. तिनं पुन्हा ओढलं, मी खालून रेटलं, आणि आबा उभे राहिले. पानात लिहिलं होतं, की इथं कप्तानानं छाती काढून गर्जना करायची. आबांनी गर्जना केली नाही. ते तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून रोज एक हात देत जा बाळा."

कॅमेरा थांबवा असं सांगायचं भान कुणालाच राहिलं नाही. साहेब उठले, नाक शिंकरलं, आणि करवतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मामा, ती उचला इथून."

तो भाग लोकांनी पुन्हा पुन्हा मागून पाहिला. मालिका बंद झाली नाही, आणखी दोन वर्षं चालली. सोंगाचे भाग पुढेही झाले, पण वर्षाकाठी एखादा, आणि लेखिकाबाईंनी गोष्ट लिहिल्यावरच कपडेपट उघडायचा. आठवीतल्या मुलीला त्यांनी उत्तर धाडलं, "आबा बरे आहेत. कोपऱ्यातच बसतात."

आज मी स्टुडिओच्या प्रवेशदाराशी असतो. येणारेजाणारे बसतात. पोरं बूट घालून नाचतात, कुणी फटीत चॉकलेटचे कागद कोंबतं. मित्रांनो, तेवढं करू नका. माझं सिंहासन करा, जहाज करा, मला चंद्रावर न्या, मी हूं की चूं करणार नाही. फक्त खिळे ठोकू नका, आणि खाली कोण आहे ते विसरू नका.

आणि हो, करवतीचं सांगायचं राहिलं. ती वाया गेली नाही. त्याच संध्याकाळी मामांनी तिनं सागाचे चार ठोकळे कापले, बरोबर चार-चार बोटांचे, आणि माझ्या पायांखाली पक्के बसवले. "दार दिसणार नाही," कॅमेरावाला कुरकुरला. दिग्दर्शक म्हणाले, "मग कॅमेरा उचला. माणूस उठायला हवा."

दुसऱ्या दिवशी आबा आले. त्यांनी उशी दोनदा थोपटली, बसले, आणि कुणाचाही हात न धरता उठले. मग सुनेकडे पाहिलं, पुन्हा बसले, आणि हात पुढे केला.