पुलावरचे बारीक दिवे

संध्याकाळी चर्चला मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना पुलाच्या वळणावर मी गाडीचे दिवे बारीक करते. पुलाच्या अलीकडे आमचं घर, ब्रिटनच्या हद्दीत. चर्च आणि कबरस्तान पलीकडे, आयर्लंडात. पूर्वी इथे ब्रिटिश सैनिकांची चौकी होती; तिच्याजवळ येताना गाडीचे दिवे बारीक करायचे, असा हुकूम होता. ती उठून पंचवीस वर्षं उलटली, जागेवर काटेरी झुडपं माजली; तरी माझा हात आपसूक दिव्यांच्या बटणावर जातो. कुणी विचारलंच, तर सवय म्हणते.

शहात्तर सालच्या नोव्हेंबरात माझा भाऊ फर्गल पलीकडून घरी येत होता. चौकीवरून गोळी सुटली. ‘चालकाने दिवे बारीक केले नाहीत,’ असा लष्कराचा कागद आला. आई मरेपर्यंत त्याच्या फोटोला रागवायची, “एवढं कसं रे विसरलास?” तेव्हापासून रोजची मिस्सा आणि फर्गलच्या नावाची एक जपमाळ, हा माझा नेम. अठ्ठेचाळीस वर्षांत देवानं तो चुकू दिला नाही.

परवा दुपारी शेजारचे वेस्ली क्रोझर कुंपणाशी आले. आम्ही कॅथलिक, ते प्रॉटेस्टंट; तरुणपणी ब्रिटिशांचे अर्धवेळ सैनिक. गवत कापायला, गाय अडली तर धावत यायला कायम पुढे. पण त्या दिवसाबद्दल आमच्यात कधी शब्द निघाला नव्हता.

“रोज रोज चर्चला जातेस. देव कंटाळत नाही का गं?”

“तुम्ही त्याला रविवारीच बोलावता. बाकीचे दिवस तो मोकळाच असतो.”

ते कुंपणावर रेलले. “काल एक बाई लोकांची मतं विचारत आली होती. सगळं मिळून एकच आयर्लंड हवं का, म्हणाली. लंडनवाले युरोपातून बाहेर पडले, तेव्हापासून हीच चर्चा; झोप उडाली माझी. एक झालं, तर मला हाकलाल का, डिम्प्ना?”

“तुम्हाला हाकललं, तर माझ्या गाई विताना कोण येईल?”

ते हसले नाहीत. टोपी चुरगळत राहिले.

“मी होतो त्या दिवशी चौकीवर. त्यानं दिवे बारीक केले होते. मी पाहिलं. गोळी माझ्या शेजारी उभ्या सैनिकानं झाडली. पण दिवे बारीक केले नाहीत, या जबानीवर सही माझी आहे.”

खिशातली जपमाळ मी इतकी घट्ट धरली, की क्रूस तळव्यात रुतला.

“हे त्याला सांगा. आईलाही. दोघं एकाच कबरीत आहेत.”

“पलीकडे? तेव्हापासून त्या पुलावर पाऊल नाही ठेवलं मी.”

“माहीत आहे. बाजाराला सहा मैलांचा वळसा घालता. गावाला वाटतं, तुम्हाला पेट्रोल फुकट मिळतं.”

दिवेलागणीला ते माझ्या शेजारी गाडीत बसले. वळणावर माझा हात बटणाकडे गेला. त्यांनी मनगट धरलं.

“नको. त्यानं केले होते.”

पुलावर लख्ख उजेड पडला. ओला रस्ता, दगडी कठडा. मी गाडी थांबवली. वेस्ली पुढे वाकले.

“डिम्प्ना, तिथं कुणी उभं आहे का गं?”

“फर्गल रोज असतो,” मी म्हणाले. “मागचं दार उघडा. तुम्ही काय सांगता, ते त्याला ऐकायचंय.”

ते कसेबसे उतरले. पुलावर पाय टेकवून त्यांनी मागचं दार उघडलं, आणि टोपी काढून बाजूला उभे राहिले. आत गार वारा आला. दार लागून वेस्ली पुन्हा माझ्या शेजारी बसेपर्यंत मी थांबले, मग गाडी पलीकडे घेतली.