तिघींतली जुनी ओबो

मित्रांनो, काळ्या पेटीत तीन तुकडे होऊन निजणारी मी एक जुनी ओबो आहे. सनईची लांबची बहीणच म्हणा. बोरूच्या दोन पातळ पात्यांची पत्ती माझ्या टोकाला बसवतात आणि ती ओठांत धरून मला फुंकतात.

माझे अंग लाकडाचे नाही, कडक प्लास्टिकचे आहे. ओझरच्या कारखान्यातले रवीसाहेब मला रोज संध्याकाळी वाजवत. नाशिकची थंडी आणि उन्हाळा मी सारखाच सोसला. कधी तडकले नाही. साहेब थकले, तशी मी मेनरोडवर नवनाथशेठच्या दुकानात आले. तिथे माझ्यावर धूळ साचली. एकदा शेठ म्हणाले, "या आठवड्यात खपली नाही, तर हिच्या सुरांच्या चाव्या काढून दुसऱ्या ओबोंना लावू." म्हणजे माझा शेवटच.

त्याच आठवड्यात शनिवारी चैताली आणि तिची आई यशोदाबाई आल्या. शहरातल्या नव्या वाद्यवृंदासाठी वादकांची निवड जवळ आली होती आणि चैतालीची मागून आणलेली ओबो परत गेली होती. शेठनी दोन नव्या ओबो मांडल्या, एक स्वस्त आणि एक महागडी लाकडी. चैतालीने मलाही काढायला लावले.

"ताई, ही बघा. अस्सल लाकूड," शेठ म्हणाले.

"लाकूड काय बघायचं? पलंग घ्यायचाय का?" यशोदाबाई म्हणाल्या.

शेठनी नव्यांना कोऱ्या पत्त्या लावल्या, मला एक वाळकी. चैतालीने तिन्ही पत्त्या काढून ठेवल्या. "काका, पत्ती बदलली की आवाज बदलतो. मग ओबो कशी कळणार?" तिने स्वतःची पत्ती पाण्यात भिजवली आणि तीच तिघींना लावली.

"मम्मी, तू दाराकडे तोंड कर. बघू नकोस, फक्त ऐक."

तिची धून अगदी खालच्या सुरावर, हळूच सुरू होत होती. स्वस्त नवीला त्या सुराची चावीच नव्हती. लाकडीचा आवाज गोड होता. पण तो सूर जोरात फुंकल्यावरच निघाला. मग माझी पाळी आली. पहिल्याच हलक्या फुंकरीला मी तो सूर दिला.

"ही शेवटचीच घेऊ," यशोदाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"अहो, ती प्लास्टिकची आहे," शेठ म्हणाले.

"असू दे की. नावं ठेवून वाजायची थोडीच बंद होणारे ती?"

चैतालीची निवड झाली. गंगापूर रोडच्या सभागृहात पहिला कार्यक्रम होता. मित्रांनो, वाजवून झाले की माझ्या आतला ओलावा फडक्याने टिपा, मला खिडकीतल्या उन्हात टाकू नका. एवढीच माझी मागणी आहे. जुन्या वस्तूला टाकण्याआधी एकदा नीट ऐकाही.

पहिल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडदा उघडला. कार्यक्रमाआधी सगळी वाद्ये ओबोच्या सुरावर जुळवतात. चैतालीने मला ओठांशी धरले आणि एकच लांब सूर लावला. व्हायोलिन, बासऱ्या, तुताऱ्या, सारे सभागृह माझ्यासाठी थांबले. मग एकेक करून सगळे माझ्या सुरात आले.