कुदळीवर अंगठा

अख्ख्या राज्यानं मतदान केलं तरी गव्हर्नर कोण ते ठरेना. कणीस चिन्हाचा उमेदवार एकशे शहाऐंशी मतांनी पुढे होता आणि त्यात अबा-ओसान या खेड्याची मतं धरलेलीच नव्हती. धरायला पेटी तर हवी. ती मतदानाच्या दिवशी कुदळ चिन्हाच्या पार्टीच्या पोरांनी भर दुपारी उचलली आणि ओढ्यात फेकून दिली, कारण गाव कुदळीच्या विरोधात चाललंय असा निरोप त्यांना पोचला होता. कणीसवाल्यांनी हाच उद्योग दुसऱ्या चार गावांत केला होता. तिथं कुणी बघितलं नाही, म्हणून त्यांचं कणीस स्वच्छ राहिलं.

निवडणूक आयोगानं जाहीर केलं, निकाल अपुरा आहे, अबा-ओसानला पुन्हा मतदान होईल. ज्या गावाचं नाव जिल्ह्याच्या नकाशावरही नीट छापलेलं नव्हतं, त्या गावाच्या हातात राज्य आलं.

मोराडेकेला त्याचं काही कौतुक नव्हतं. ती विधवा बाई. कसाव्याचे कंद किसायचे, पिळायचे, मोठ्या कढईत भाजून त्यांची गारी, म्हणजे जाडसर रवा, करायची आणि बाजारात विकायची, यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिला एकच मुलगा, बामिताले. तो मोटारसायकलवर भाड्यानं माणसं न्यायचा. पेटी उचलणाऱ्यांना तो आडवा गेला होता. का गेला, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. त्यानं पेटीला हात घातला आणि एका पोरानं त्या हातावर कोयता घातला. डाव्या हाताची तीन बोटं गेली. बंदोबस्ताचे पोलीस तेव्हा झाडाखाली बसून संत्री सोलत होते. हात बांधून बामिताले घरी आला तेव्हाही ते तिथंच होते.

पुढच्या आठवड्यात नामदार देहिंदे आले. हे कुदळीचे या भागातले पुढारी. पांढराशुभ्र झगा, डोक्यावर तिरकी टोपी, मागं चार माणसं. त्यांनी मोराडेकेच्या दारात चक्क वाकून नमस्कार केला.

"आई, फार वाईट झालं. ती पोरं आमची नव्हती."

"मग तुम्ही माफी कशाची मागताय?" मोराडेके कढईतलं ढवळणं न थांबवता म्हणाली.

नामदार हसले. असली माणसं अशा वेळी हसतात. "तुमच्या दुःखात सामील व्हायला आलो."

"झालात सामील? मग जरा बाजूला सरका. धूर तुमच्या झग्याला लागेल."

नामदार सरकले. पण ते मोकळ्या हातानं आले नव्हते. त्यांच्या मागं ट्रकवर ट्रान्सफॉर्मर होता. गावात विजेचे खांब मागच्या निवडणुकीपासून उभे होते, त्यांच्यावर तारा नव्हत्या. पोरं त्या खांबांना बकऱ्या बांधायची. संध्याकाळपर्यंत ट्रान्सफॉर्मर शाळेपुढच्या कट्ट्यावर चढला आणि अर्ध्या गावाचा राग उतरला. माणसाचं असंच असतं. दुसऱ्याच्या पोराची बोटं आणि आपल्या घरातला दिवा यांत दिवा जड होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळे ओगुन्दिरान यांनी गाव लोहाराच्या भट्टीपाशी बोलावलं. बाळे म्हणजे गावचे प्रमुख, आणि मोराडेकेच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नामदारांच्या माणसांनी शपथेसाठी बायबल आणि कुराण दोन्ही आणून ठेवली होती. बाळेंनी ती बाजूला सारली.

"ग्रंथ माफ करतात," ते म्हणाले. "लोखंड माफ करत नाही. कोयता आणा."

कोयता आला. ओगुन हा लोखंडाचा देव. त्याला साक्षी ठेवून खोटं बोलणाऱ्याला लोखंडच खातं, हे गावात चर्चला जाणाराही मानतो आणि मशिदीत जाणाराही. एकेकानं पुढं यायचं, म्हणायचं, 'माझा अंगठा कुदळीवर पडेल, नाही पडला तर लोखंडानं माझं घर खावं,' आणि कोयत्याच्या पात्याला जीभ लावायची.

मोराडेकेचा नंबर आला. तिनं रीतीप्रमाणे बाळेंपुढं गुडघे टेकले, पण जीभ काढली नाही.

"भाऊजी, या पार्टीच्या कोयत्यानं तुमच्या पुतण्याची बोटं नेली. आता त्याच पार्टीसाठी मी कोयता चाटू?"

"बामीची आई, मला का ते दिसत नाही?" बाळे आवाज खाली आणून म्हणाले. "कणीस आलं तर ट्रान्सफॉर्मर जाईल. कुदळ आली तर राहील. तुझ्या रागानं बल्ब पेटतो का?"

"माझा राग नाही पेटत. त्याचा हात दुखतो, तो रात्रभर जागा असतो."

"गाव एका बाजूनं गेलं पाहिजे. फुटलेल्या गावाला कुणी काही देत नाही. माझ्या घरातलीच बाई मागं राहिली तर मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

सगळे बघत होते. शपथ नाकारणारी बाई गावात पुढं कशी जगते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिची गारी कुणी विकत घेत नाही. तिच्या पोराच्या गाडीवर कुणी बसत नाही. मोराडेकेनं ते शब्द म्हटले आणि पात्याला जीभ लावली. लोखंडाची चव तोंडात राहिली, दुपारच्या जेवणातही ती गेली नाही.

आता तिची अडचण अशी होती. कुदळीला मत द्यायचं म्हणजे ज्यांनी पोराचा हात तोडला त्यांना स्वतःच्या हातानं राज्य द्यायचं. नाही द्यायचं तर लोखंड तिचं घर खाणार. आणि तिचं घर म्हणजे दुसरं काय होतं? एक पोरगा. तो दिवसभर लोखंडावरच बसायचा. जखम सुकायच्या आधीच त्यानं गाडी बाहेर काढली होती. क्लच डाव्या हाताला, आणि डाव्या हाताला दोनच बोटं उरलेली. ती दोन बोटं तो दोरीच्या फाशासारखी क्लचला अडकवायचा.

"आई, तू कणसालाच देणार ना?" त्यानं विचारलं.

"मी शपथ घेतलीय."

"ज्यांनी हे केलं त्यांची शपथ?" त्यानं हात वर केला.

"हात खाली घे. पट्टी सुटतेय."

तो त्या दिवशी जेवला नाही. नंतर जेवू लागला, पण बोलला नाही.

पुन्हा मतदानाच्या दिवशी त्या एवढ्याशा खेड्यात हजारभर पोलीस आले. या वेळी त्यांना संत्री पुरली नाहीत. मतदान केंद्राची प्रमुख खाकी कपड्यातली एक तरुण मुलगी होती, ओचान्या नावाची. कॉलेज संपवून सरकारी सेवेच्या वर्षासाठी दूरच्या राज्यातून आलेली. तिला गावची भाषा मोडकीतोडकीच येत होती, पण मागच्या वेळी दुसऱ्या केंद्रांवर पुष्कळ मतं बाद झाली म्हणून ती कोऱ्या नमुन्याचा कागद घेऊन रांगेसमोर उभी राहिली.

"मावश्यांनो, काकांनो, बघा! अंगठा शाई लावा, चित्रावर टेका. मग घडी. घडी उभी!" तिनं कागद लांबीच्या बाजूनं दुमडून दाखवला. "आडवी नाही! आडवी केली की ओली शाई खाली दुसऱ्या चित्रावर जाते. दोन ठसे. दोन ठसे म्हणजे मत बाद. कुणाचंच नाही. कळलं?"

"कळलं!" रांग ओरडली.

मोराडेकेच्या पुढं रुकायाची आई उभी होती. ती चवळीचे वडे तळून विकायची आणि तिच्या तोंडाला कधी झाकण नसायचं.

"पुन्हा एकदा दाखव गं पोरी," ती म्हणाली. "कशी घातली की वाया जातं?"

"आडवी, मावशी. अशी." ओचान्यानं पुन्हा दाखवलं.

"हं. म्हणजे तशी घालायची नाही."

"बिलकूल नाही!"

"किती शिकलेली पोरगी आहे," रुकायाची आई मागं वळून म्हणाली. "आमच्या नामदारानं चार वर्षांत एवढं उपयोगाचं काही सांगितलं नाही." रांगेत हशा पिकला. कुदळीच्या एजंटनं डोळे वटारले. एजंट म्हणजे त्या पार्टीनं मतदानावर नजर ठेवायला बसवलेला माणूस. तो अर्धी पावरोटी खात होता, त्यामुळे वटारलेल्या डोळ्यांचा फार परिणाम झाला नाही.

मतदार ओळखायच्या यंत्रानं मोराडेकेचा चेहरा ओळखला. अंगठा त्यानं ओळखला नाही. किसणीनं तिच्या अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसल्या होत्या. तिला कागद मिळाला. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती एकटी होती. कुदळीचं चित्र वर, कणसाचं त्याच्या खाली. तिनं अंगठा शाईत चांगला बुडवला, गरजेपेक्षा जास्त, आणि कुदळीवर टेकला. सगळा भार दिला. शपथेत होतं तेवढं झालं.

मग तिनं कागद आडवा दुमडला आणि शाई बाहेर झिरपेपर्यंत घडीवरून मूठ फिरवली.

बाहेर येऊन तिनं तो पेटीत टाकला. बामिताले दोरीपलीकडे उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याला हाक मारून सांगावं असं तिला वाटलं. पण लोखंडाच्या कानावर कशाला घालायचं, म्हणून ती गप्प राहिली.

मोजणी तिथंच, उघड्यावर, सगळ्यांसमोर झाली. तशीच रीत आहे. ओचान्या एकेक कागद वर धरायची, चित्राचं नाव घ्यायची आणि अख्खं गाव एका सुरात आकडा म्हणायचं. चुकला आकडा की पुढं जाऊच द्यायचे नाहीत. सुरुवातीला कुदळ, कुदळ, कुदळ असं चाललं. बाळे खुर्चीवर मागं रेलले. मध्येच कणीस येई. ती मतं कोकोच्या मळ्यात राबणाऱ्या परगावच्या मजुरांची. त्यांना शपथेला बोलवायचं बाळे विसरले होते, कारण मजूरही माणसं आहेत हे त्यांना एरवीही आठवत नसे.

मग ओचान्यानं एक कागद वर धरला आणि थांबली. दोन ठसे. वर कुदळीवर ठसठशीत, खाली कणसावर फिकट, उलटा.

"बाद," ती म्हणाली.

पुढचाही तसाच. त्यानंतर दोन बरे, मग सलग पाच बाद. गाव आकडा म्हणायचं विसरलं. ओचान्याचा चेहरा पडला.

"मी सांगितलं होतं ना!" ती रडवेली झाली. "दोनदा दाखवलं!"

"ठसा कुदळीवरच आहे!" एजंट पावरोटी टाकून ओरडला. "हेतू स्पष्ट आहे! मोजा!"

"कणसावरही आहे. नियम आहे." ती हट्टानं म्हणाली आणि कागद बादच्या ढिगावर ठेवला. कणसाचा एजंट नियमांची महती सांगू लागला. चार गावांच्या पेट्या पळवणाऱ्यांचा एजंट.

मोराडेके ढिगाकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, तिथं तिचा एकटीचा कागद पडेल. ढीग मात्र वाढतच होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं बायकांच्या घोळक्याकडे नजर टाकली, तर प्रत्येक बाई दुसरीकडे बघत होती. रुकायाची आई एकाग्रपणे नखातली शाई काढत होती.

कुदळ दोनशे एकतीस. कणीस चौसष्ट. बाद एकशे तीन. आधीची आघाडी धरून एकोणीस मतांनी राज्य कणसाचं झालं. रेडिओवर नव्या गव्हर्नरानं अबा-ओसानच्या शूर जनतेचे आभार मानले. तो गावात त्या आधी कधी आला नव्हता आणि पुढंही आला नाही.

बाळेंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. त्यांचा आवाज फाटला होता.

"शपथ कुणी मोडली? पुन्हा कोयता चाटा आणि सांगा, अंगठा कुठं पडला!"

एकेक बाई पुढं आली. 'कुदळीवर.' जीभ लावली. 'कुदळीवर.' जीभ लावली. पुरुषही आले. मोराडेकेनं बाळेंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "भाऊजी, कुदळीवर. सगळा भार देऊन." एकही जीभ अडखळली नाही. बाळे कोयता हातात धरून बसून राहिले. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात शाळेकडून ट्रकचा आवाज आला. नामदारांची माणसं ट्रान्सफॉर्मर उतरवून न्यायला आली होती. त्यांनी कट्ट्याचे नटबोल्टसुद्धा सोडले नाहीत.

मोराडेके घरी आली. जीभ खरी ठरली होती, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गाव फसलं, कायदा फसला, एजंट फसले. देव फसला की नाही, हे तिला कोण सांगणार? अंगठा तर ओगुनानं पाहिला असेल. मूठ पाहिली असेल का? बामिताले अंगणात गाडीला किक मारत होता. बाजाराचा दिवस होता, भाडी मिळणार होती.

"थांब," ती म्हणाली. तिनं गारीचं पोतं उचललं. "मी येते."

"तू? तू ट्रकनं जातेस."

"आज तुझ्यामागं बसून जाते."

"कुदळवालीला मी नेत नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"दोन बोटांनी गाडी हाकतोस आणि गिऱ्हाईक निवडतोस? धर पोतं."

तिनं पोतं पुढं टाकीवर आदळलं आणि लुगडं आवरून मागं चढली. आयुष्यात पहिल्यांदा. खाली सगळं लोखंड थरथरत होतं. तिनं दोन्ही हात पोराच्या पोटाभोवती टाकले, घट्ट, आणि मनात ओगुनाला म्हणाली, यायचं तर ये, पण आधी मी लागेन.

त्यानं गाडी हलवली नाही. पोटावरच्या तिच्या हातांकडे तो खाली बघत होता. उजव्या अंगठ्याची शाई अजून गेली नव्हती. आणि अंगठ्याची शाई एकवेळ समजली असती, पण तिच्या मुठीच्या कडेलाही काळा पट्टा होता, करंगळीपासून मनगटापर्यंत.

"आई," तो हळूच म्हणाला, "घडी कशी घातलीस तू?"

"पुढं बघ," मोराडेके म्हणाली. "आणि हळू चालव."