एकतीसचे सहा

मी बर्फ मोजायचा दांडका बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही.

जन्म दक्षिण गोलार्धातल्या टेकापो गावाजवळचा. मेंढ्यांच्या कुंपणात तीस वर्षं अंगात तारांचे खिळे घेऊन उभा होतो. शिक्षण शून्य. मग मकरंदने मला उचललं, रंधा मारला, पांढरा रंग दिला आणि अंगावर सत्तरपर्यंत आकडे काढले. तेवढीच माझी शाळा.

मकरंद पुण्याचा, इथल्या वीजकेंद्रात इंजिनिअर. त्याला हवामानाचं वेड. लग्न मनालीशी केलं, पण संसार वाऱ्या-पावसाच्या नकाशांशी. परसात एक फळी टाकून तिच्यावर मला उभा केला, समोर कॅमेरा लावला. कॅमेऱ्याला फळी आणि मी, एवढंच दिसे. ड्युटीवरून तो फोनवर माझा आकडा वाची आणि हवामानवेड्यांच्या ग्रुपवर टाकी. ती मंडळी म्हणजे एकेक नमुना! घरात दूध आहे का ते ठाऊक नसतं, दीड किलोमीटर उंचीवरचं तापमान मात्र तोंडपाठ.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या वादळाआधी आठवडाभर नुसती भांडणं. ग्रुपमधला डनिडन शहराचा श्रीनाथ म्हणे तीस सेंटिमीटर. मकरंद म्हणे दहाच्या वर गेला तर मिशी काढीन.

"अरे, हवामानाची सगळी मॉडेलं ओरडतायत!"

"ओरडू दे. मॉडेल ओरडतं, दांडका मोजतो."

बरं वाटलं मला. म्हातारपणीही स्तुती चढतेच.

संध्याकाळी बर्फ सुरू झाला तो चावतच. सकाळी साडेसातला अजून काळोख होता, तेव्हा मी एकतीसपर्यंत गाडला गेलो होतो. वारा जरा दम खायला थांबला आणि मकरंदची आई, सुलभाताई, बाहेर आल्या. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. साडीवर लेकाचं जॅकेट, पायात गमबूट, हातात खराटा. उजाडायच्या आत दार-अंगण झाडलं नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही. झाडत झाडत माझ्यापाशी आल्या, फळी लख्ख केली, मलाही झटकलं.

"केवढा बुडाला होतास रे," म्हणाल्या. माया होती हो त्यात. लाकडाला तोंड असतं तर बोंब मारली असती.

साडेआठला उजाडलं. फळीवर नवा बर्फ, सहा. वीजकेंद्राच्या तळघरात रात्रपाळीला बसलेल्या मकरंदने फोनवर तेवढंच वाचलं.

मनाली घाटापलीकडे फेअरलीत नर्स. तिची रात्रपाळी संपली होती. तिने मकरंदला फोन केला. हे मला पुढे कळलं, तो वाटेत स्वतःशीच बरळत होता तेव्हा.

"निघू का रे? इकडे नुसता पाऊस आहे. रस्ता उघडा आहे."

"सहा सेंटिमीटर! स्वीट ॲज, एकदम झकास. ये आरामात."

श्रीनाथने ग्रुपवर विचारलं, "सहा? परत बघ. रडार पेटलंय."

"रडार तुझ्यापाशी ठेव. फोटो बघ."

फोटो बघून सगळ्यांनी श्रीनाथचीच टर उडवली.

मग वारा उठला. शेजारच्या शेडचा पत्रा सुटला आणि कॅमेऱ्याचं मुंडकं छाटून गेला. पाइनचं झाड मांडीचं हाड मोडावं तसं मोडलं. कुंपणाशी मेंढ्या एकमेकींवर चढून गुदमरून मेल्या.

मकरंद धडपडत घरी पोचला. मनाली फोन उचलत नव्हती. परसात येऊन बघतो तर चहूकडे कमरेएवढे ढीग, मध्ये मी खड्ड्यात, आणि भिंतीशी टेकवलेला खराटा. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिलाय.

आतून आई म्हणाली, "आलास? मनालीला आवडतात म्हणून थालीपिठं लावतेय."

त्याने मला उपटलं आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढला.

घाटात मनालीची गाडी कुठे दिसेना. रस्त्याच्या कडेला बर्फाचे डोंगर. मकरंद मला खुपसायचा, उपसायचा, पुन्हा खुपसायचा. शेवटी खाली मी गाडीच्या पत्र्यावर आपटलो. हातांनी उकरून त्याने काच मोकळी केली आणि मला धरून तिच्यावर हाणायला लागला. एक, दोन. तिसऱ्याला काच फुटली, मीही फुटलो.

मनाली जिवंत होती. ओठ निळे, गाडी घसरून आदळताना डावा हात दारात चेचलेला. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"सहा?"

"माझं वाचायला चुकलं," मकरंद म्हणाला.

तिची दोन बोटं गेली. ग्रुपवरही त्याने तेच लिहिलं, वाचणाऱ्याची चूक. एका सेंटिमीटरसाठी आठवडा भांडणारा माणूस, लोकांच्या शिव्या मुकाट ऐकून घेतल्यान्. मनाली त्याच्याशी कामापुरतं बोलते. सुलभाताई रोज सुनेच्या हाताला तेल चोळतात आणि लेकाला फैलावर घेतात, "एवढा शिकलास, साधा आकडा वाचता येईना?" तो मान खाली घालतो.

मी आता बर्नरशेजारच्या, म्हणजे घर तापवायच्या शेगडीशेजारच्या, सरपणात पडलोय, अर्धाच. मकरंद मला उचलतो, बघतो, परत ठेवतो. अरे, ठेवतोस काय गाढवा? खरं काय ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तू बोलणार नाहीस, पटलंय मला. मग मला कशाला राखतोस? टाक आत. म्हातारीला तासभर ऊब मिळेल, आणि साक्षीदार एक कमी होईल.