दारातला निरोप्या

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका आहे. तुमच्या पुस्तकात मला पेशीचं ऊर्जाघर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कितीतरी जणी मावतील.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मानेपासून अंगठ्यापर्यंत एक चेतापेशी जाते. मी तिच्या पार खालच्या टोकाला राहते. जन्मले वर, मानेजवळ. मग कित्येक दिवस प्रवास करून इथे आले, ती कायमचीच. अन्नरस आणि प्राणवायू आला की मी ऊर्जा करून देई. बाईंचा अंगठा हले, टाका पडे, आणि शाबासकी बाईंना मिळे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शेजारणी होत्या. आम्ही अधूनमधून एकमेकींत मिसळून झीज वाटून घ्यायचो.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येकीच्या दारी एक प्रथिन निरोप्यासारखं येतं. घर धड असेल तर ते आत ओढलं जातं आणि तिथेच संपतं. घर बिघडलं की ओढायची ताकद उरत नाही. मग ते दारातच उभं राहतं आणि सगळ्यांना कळतं, की हिला आता मोडीत काढायचं.

एके दिवशी माझा निरोप्या दारात उभा राहिला. त्याला आत घ्यायला मी जिवाचा आटापिटा केला. शेजारणीत मिसळून जावं, म्हणजे खपून जाईल, म्हणून तिला बिलगायला गेले. ती सरकली. दुसरीही सरकली. त्यांची चूक नव्हती, तरी मला फार एकटं वाटलं. माझ्यातून विषारी द्रव्यं गळत होती. चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी लपत राहिले.

तेव्हा बाईंच्या भाचीला बोलताना ऐकलं. पेशीत कान कुठले, असं विचारू नका. म्हातारपणी नको ते बरोबर ऐकू येतं.

"मावशी, अंगठा दुखतोय ना तुझा?"

"थोडासा. होईल बरा."

"किती दिवस अंगावर काढणारेस? काम बंद पडल्यावर सांगणार का?"

मावशींनी सुई खाली ठेवली. "चल, दाखवून येऊ," त्या शेवटी म्हणाल्या.

मला माझीच लाज वाटली. मी बिलगणं सोडलं. माझ्या अंगावर खुणेच्या चिठ्ठ्या लागल्या आणि एक दुपदरी पडदा माझ्याभोवती येऊ लागला. आता मला नेऊन उसवतील. जे धड असेल ते पेशी वापरेल.

मित्रांनो, बिघडलेलं लपवू नका. मी उशीर केला, पण पेशी वाचली.

पडदा मिटता मिटता वरून एक नवी तंतुकणिका आली आणि माझ्या जागेवर थांबली. मला तिच्याशी खूप बोलायचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती लगेच कामाला लागली.