चढत्या ठेक्याची लेंगी

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, फाल्गुन शुद्ध द्वादशीच्या सकाळी, दारव्हा तालुक्यात बोरी अरबपासून कोसभर अंतरावर असलेल्या पळसतांड्यात, तांड्याचे प्रमुख म्हणजे नायक शंकरसिंग आडे यांच्या ओट्यावर बैठक भरली आणि तीत असे ठरले की, यंदाच्या होळीत तांड्याची गायिका मानीबाई आडे हिचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करावा, तिला ‘तांड्याची याडी’ म्हणजे तांड्याची आई ही पदवी द्यावी, आणि त्यानंतर तिने एक भजन म्हणून खुर्चीवर बसावे.

बैठकीला मानीबाई स्वतः हजर होती. तिचे मत मात्र कोणी विचारले नव्हते. तिला निर्णय कळवण्यात येत होता. साठी उलटलेली ही बाई सुती लुगड्याखाली पांढरे कापडी बूट घालून ओट्याच्या कडेला बसली होती, आणि त्या बुटांकडे न पाहण्याची सभ्यता मोजक्याच माणसांना जमत होती. गुडघ्यांना बरे पडतात म्हणून तिने ते दारव्ह्याच्या बाजारातून घेतले होते. तीस वर्षांपूर्वी हिच्याच कॅसेटी दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत प्रत्येक काळ्यापिवळ्या जीपमध्ये वाजत होत्या. लग्नात तिचे गाणे लागले की नवरदेवाची वरात पुढे सरकत नसे. पुढे कॅसेट गेली, जीपवाल्यांनी मोबाइल घेतले, आणि मानीबाईचे गाणे लोकांकडे राहिले, पण मानीबाई कोणाला आठवेना. कित्येकांची तर समजूत होती की ती बाई केव्हाच वारली.

ती वारली नव्हती. तिने नवा अल्बम केला होता. त्याचे नाव ‘फेर’, आणि त्यातली सगळी गाणी नाचाची होती.

अडचण नेमकी हीच होती. शंकरसिंग हा दुष्ट माणूस नव्हता. नात्याने तो मानीबाईचा चुलतदीर, आणि तिच्या नावाचा त्याला मनापासून अभिमान होता. आपल्या घरातली म्हातारपणाकडे झुकलेली बाई कमरेवर हात ठेवून नाचते, पोरे ते मोबाइलमध्ये घेतात आणि परगावचे लोक त्यावर हसतात, हे त्याला बघवत नव्हते. सत्कार झाला म्हणजे तिला मान मिळेल आणि नाचही सुटेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्याने तो बऱ्याच आडवळणांनी मांडला. मानीबाईने सगळे ऐकून घेतले.

“भजन म्हणायले माही हरकत नाही,” ती म्हणाली. “बसायले हाय.”

“वहिनी, वय पाहा ना जरा.”

“भाऊजी, तीस वर्सामागं मी नाचली तं तुम्हीच म्हणत होते, तरणी बाई नाचते, लोकं काय म्हनतीन. आता म्हनता म्हातारी नाचते. या दोहीच्या मधात नाचायचं वय कोनतं होतं, थे मले त्याच वक्ती सांगाले पाहिजे होतं. त्या वर्सी नाचून घेतलं असतं.”

ओट्यावर दोघे-तिघे हसले आणि नायकाचा चेहरा पाहून गप्प झाले. शंकरसिंगने मग आडवळण सोडले. लेंगी, म्हणजे होळीला फेर धरून म्हणायची गाणी, तांड्यात नायकाच्या परवानगीवाचून सुरू होत नाही. आणि स्पीकरवर वाजणाऱ्या त्या धांगडधिंग्याला आपण लेंगी मानत नाही, म्हणून त्याला आपली परवानगी नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले.

मानीबाईने क्षणभर विचार केला. तिला भांडायचे होतेच. फक्त कोणत्या जागी उभे राहून भांडायचे, एवढे ठरवायचे होते. ओट्याच्या टोकाला शंकरसिंगची आई धनीबाई सुपात तूर पाखडत बसली होती. तांड्यातली सगळ्यांत जुनी लेंगी तिच्या तोंडात होती, आणि बायकांचा फेर आजवर तिनेच लावला होता. मानीबाईच्या कॅसेटींबद्दल या म्हातारीने कधी बराही शब्द काढला नव्हता आणि वाईटही नाही. त्या मौनाची सल मानीबाईने सगळ्या टाळ्यांच्या खाली जपून ठेवली होती.

“लेंगी काय हाय न काय नाही, थे काकी सांगन,” ती म्हणाली. “होळीले एक गानं लावू द्या. काकी नाही म्हनली, तं मी खुर्चीवर बसतो आन उठत नाही. हो म्हनली, तं पुन्हा कोनी मले खुर्ची दाखवू नका.”

धनीबाईने सूप खाली ठेवले नाही. “आइकीन,” एवढेच ती म्हणाली. आईचा शब्द पडल्यावर शंकरसिंगला नाही म्हणता आले नाही.

त्याच दुपारी मानीबाई वाटेवर मिळालेल्या जीपने दारव्ह्याला गेली. तिची मुलगी संगीता तिथे राहत असे. पैज लावण्यापूर्वी गाणे पारखायचे असते ही अक्कल तिला पैज लावल्यानंतर आली. पण आली हेही कमी नव्हे. संगीताच्या अंगणात तिने शेजारपाजारच्या बंजारा समाजातल्या बायका जमवल्या आणि अल्बममधले पहिले गाणे मोठ्या आवाजात लावले. बायका हौसेने उठल्या, फेर धरला, चार वेढे घेतले. मग एकीने पदर सावरला, दुसरीने तिला तिच्या सुनेबद्दल काही विचारले, आणि गाणे वाजत असतानाच फेर गप्पांत विरघळून गेला. सगळ्या तोंडावर छान म्हणाल्या. मानीबाईने गाणे बंद केले. गाणे छान आहे असे नाचताना कोणी म्हणत नाही. ते बसल्यावर म्हणतात.

तिने ते गाणे पुन्हा एकटीने ऐकले, या वेळी कान देऊन, आणि चूक तिच्या ध्यानात आली. लेंगी सावकाश सुरू होते, चालत्या माणसाच्या पावलाने. मग ती चढते. कधी चढवायची याचा नियम नाही. म्होरकी बाई फेरातल्या सर्वांत मंद पायांकडे पाहत गाते. ते पाय सैल झाले की ठेका एक बोट वर उचलते. पुन्हा पाहते, पुन्हा उचलते. शेवटी सगळा फेर एका दमाने पळू लागतो, आणि पहिल्या पावलापासून आपल्याला कोणी ओढत आणले हे कोणालाच समजत नाही. इथे मात्र ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर होता. तिने चढवून गायलेला आवाज कोणीतरी कापून, ठोकून सपाट केला होता.

हे काम रजतचे. दारव्ह्यात त्याचे रेकॉर्डिंगचे दुकान होते. तो हुशार होता, कामाला चोख होता, आणि मानीबाईला मावशी म्हणत असे. चूक दाखवल्यावर त्याने ती चूक असल्याचेच नाकारले. मावशी गाताना ठेका पळवत होती, म्हणून मशीनवर आपण तो सरळ करून घेतला, असे तो म्हणाला. वरातीतला डीजे एका गाण्याला दुसरे जोडत जातो. ठेका वरखाली झाला तर जोड बसत नाही, आणि जोड बसत नाही ते गाणे कोणी लावत नाही. शिवाय गाणी बाजारात आणणाऱ्या नागपूरच्या कंपनीला मुळात नवी गाणी नकोच होती. त्यांना मानीबाईचे गाजलेले जुने गाणे, जुन्याच आवाजात, नव्या ठोक्यावर हवे होते. कव्हरवर फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घातलेला तिचा तरुणपणीचा फोटो हवा होता. ‘फेर’ आपण मोठ्या मिनतवारीने त्यांच्या गळ्यात घातला आहे, याची त्याने आठवण दिली.

“जोडू नका ना मंग,” मानीबाई म्हणाली. “फेर संपला का लोकं दम घेतात, पानी पेतात. तुह्या डीजेले कायची घाई हाय?”

“मावशी, जमाना तसा नाही राह्यला.”

“जमान्याचं मले सांगू नको. थ्या कंपनीले माहा जुना आवाज पाहिजे, तांड्याले माही जुनी उमर पाहिजे. आज जे हाय, थे कोनालेच नाही पाहिजे काय?”

एक गाणे रजत पुन्हा करायला तयार झाला, तेही होळीपुरते. तांड्याने ते उचलले तर सगळा अल्बम तसाच करू. नाही उचलले तर सपाट गाणी आणि जुना फोटो नागपूरला जाईल, आणि मावशीने त्यावर पुन्हा वाद घालायचा नाही. मानीबाईने मान हलवली. एका गाण्यावर आता दोन पैजा लागल्या होत्या.

त्रयोदशीला ती डफवाल्या रामसिंगला घेऊन रजतच्या दुकानात आली. काचेच्या खोलीत एकटीने कानाला यंत्र लावून गायला तिने नकार दिला. पाय दिसल्याशिवाय ठेका चढवता येत नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि ते शब्दशः खरे होते. तेव्हा त्या चिंचोळ्या खोलीतले टेबल बाहेर काढावे लागले, आणि संगीतासह पाच बायका अनवाणी फेर धरून उभ्या राहिल्या. त्यांतली एक अवघडलेली होती, तिचे पाऊल सर्वांत जड. मानीबाईने आपली नजर तिच्याच पायांवर ठेवली आणि गायला सुरुवात केली. रामसिंगचा डफ तिच्या मागे, बायकांचे पाय डफाच्या मागे. मशीन त्या दिवशी कोणाच्याही पुढे नव्हते.

रेकॉर्डिंग झाल्यावर रजतने दोन हरकती घेतल्या. बायकांच्या पायांची धप्‌धप्‌ आवाजात आली होती. आणि शेवटच्या चढावर, सर्वांत वरच्या जागी, मानीबाईचा आवाज चिरला होता. पाय पुसता येतील, तो म्हणाला, आणि चिरलेल्या जागी जुन्या कॅसेटमधला सूर असा बसवून देतो की शिवण कोणाला दिसणार नाही.

“पाय राहू दे,” मानीबाई म्हणाली. “आन शिवू नको. कोन गाऊन राह्यलं, थे लोकायले मालूम पडू दे.”

तांड्यात होळी पहाटे पेटते. पौर्णिमेच्या त्या पहाटे सगळा तांडा मैदानात जमला. सत्काराची खुर्ची, लाल मखमलीची, मंगल कार्यालयातून भाड्याने आणलेली, होळीच्या उजव्या हाताला मांडली होती. शंकरसिंगने होळी पेटवली, नारळ वाढवला, आणि मानीबाईच्या खांद्यांवर शाल घालून पदवीचे चार शब्द बोलला. ते शब्द खरे आणि चांगले होते. तिचे डोळे भरून आले, हे लपवण्याचे कारण नाही. तिने भजन म्हटले. सगळ्यांनी हात जोडले. मग खुर्चीकडे न वळता तिने खांद्यावरची शाल काढली, कमरेला गच्च बांधली, आणि स्पीकरपाशी उभ्या असलेल्या रजतला हाताने खूण केली.

स्पीकरमधून आधी पाय ऐकू आले, मग डफ, मग तिचा आवाज, इतका संथ की मोटारसायकलींवर बसलेली पोरे एकमेकांकडे पाहू लागली.

“याडी, बॅटरी उतरली काय व?” त्यांच्यातला एकजण ओरडला.

मानीबाईने मान वळवली नाही. ती फेराच्या जागी एकटीच उभी होती आणि पाऊल टाकत होती: दोन पुढे, झुकून टाळी, एक मागे. स्पीकरमधली मानीबाई एक ओळ म्हणे आणि मैदानातली मानीबाई ती झेलून परत म्हणे. पहिला वेढा ती एकटी फिरली. तो वेढा तिला आयुष्यातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोठा वाटला. दुसऱ्या वेढ्याला संगीता आली, मग दारव्ह्याहून आलेल्या बाकीच्या चौघी आल्या, आणि त्यांच्या मागून तांड्यातल्या बायका, कोणी लाजत, कोणी पदर खोचत. ठेका एक बोट वर गेला. कोणी मुद्दाम वेग वाढवला नाही, पण वेग वाढला होता. मोटारसायकलींवरची पोरे उतरली. ज्याने बॅटरीचे विचारले तो सर्वांच्या पुढे होता. आता फेर होळीभोवती पुरेना, बाहेर दुसरा धरावा लागला. ठेका पुन्हा चढला. मानीबाईचे गुडघे ओरडत होते आणि कापडी बूट राखेने काळे झाले होते. शेवटच्या चढावर स्पीकरमधला आवाज चिरला. मैदानातला आवाजही त्याच जागी चिरला, आणि त्या दोन्ही चिरांवरून सगळा फेर एका उडीत पलीकडे गेला.

गाणे थांबले. लोक गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. कोणीही छान म्हणाले नाही.

तेव्हा लक्षात आले की खुर्ची रिकामी नाही. तीत धनीबाई बसली होती, काठी आडवी मांडीवर, डोळे मिटलेले. गाण्यात ती एकदाही उठली नव्हती. शंकरसिंग आईजवळ जाऊन वाकला आणि त्याने हलक्या आवाजात विचारले. रजतही स्पीकरपाशी हातातले काम सोडून ऐकू लागला. मानीबाई कमरेची शाल न सोडता समोर येऊन उभी राहिली. तिचा श्वास अजून जागेवर यायचा होता.

धनीबाईने डोळे उघडले आणि लेकाला वगळून मानीबाईकडे पाहिले.

“मानी, आवाज फाटला हाय तुहा,” ती म्हणाली. “पन लेंगी हाय.”